मदत परमिटला मिळाली, ड्रायव्हरला नाही

मा. संपादक साहेब,

कोरोना गेला असं सगळे म्हणतात पण आमच्या घरातनं तो अजून गेलेला नाही. माझे मिस्टर डोंबिवलीत दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, लोकल बंद झाल्या, आता स्टेशनच ओस पडल्यावर रिक्षात बसणार कोण? एप्रिल २०२१ ला सरकारने रिक्षावाल्यांना १५०० रुपये जाहीर केले पण ते ज्याच्या नावावर परमिट त्याला, दिवसभर हँडल धरणाऱ्याला काहीच नाही.

मी दोन घरी पोळ्या करायचे, तर सोसायटीने कामवाल्या बायकांना गेटच बंद केलं, एका ताईंनी चार महिने घरबसल्या पगार दिला, त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, दुसऱ्यांनी मात्र फोन उचलणंच सोडलं. मग आधी कानातले मोडले, नंतर मंगळसूत्र गहाण ठेवलं, ते अजून सुटलेलं नाही, गळ्यात नुसती काळी पोत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत कर्जाचे हप्ते थांबवायची सवलत दिली होती पण व्याज चालूच राहिलं हे आम्हाला नंतर कळलं.

मोठ्याची नववी मोबाईलवर, आणि घरात फोन एकच. दहावीला तो बसलाच नाही, आता गोडाऊनमध्ये पॅकिंग करतो. अशी मुलं आमच्या चाळीतच तीन आहेत, त्यांना परत परीक्षेला बसवायला कुणीतरी घरोघरी यायला हवं. आणि पुन्हा कधी मदत द्यायची वेळ आलीच तर परमिट नको, ड्रायव्हरचा बॅज बघून द्या.

– एक वाचक, डोंबिवली