बिग बँग आणि सहा दिवस

संपादक साहेब,

आमच्या अचलपूर तालुक्यातल्या गावात रविवारी प्रार्थना झाल्यावर दहावीतल्या एका पोट्ट्यानं विचारलं, सायन्सवाले विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं सांगतात अन् बायबलात देवानं सहा दिवसांत जग बनवलं असं आहे, मग खरं काय मानू? मोठ्यांनी त्याले गप्प बसवलं, मले हे अजिबात पटलं नाही. अहो, बिग बँगची (विश्व एका अतिघन अवस्थेतून पसरत गेलं, या थिअरीची) मूळ कल्पना १९३१ मध्ये मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लेमेत्र स्वतःच कॅथलिक पाद्री होते, अन् या थिअरीचा धर्माचा पुरावा म्हणून वापर त्यांना पसंत नव्हता. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन दिवस २४ तासांचे कसे धरायचे? (जुन्या काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनाही हा प्रश्न पडला होता.) लेमेत्रवर एक लेख छापा ना, त्या पोट्ट्याले मी स्वतः नेऊन देतो.

- एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती