द्राक्षाच्या यशोगाथेत बाई कुठंय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षाचा सिझन आला की पेपरात आणि टीव्हीवर यशोगाथा सुरू होतात. निफाडचा नाहीतर दिंडोरीचा प्रयोगशील शेतकरी बागेत उभा, एकरी किती माल निघाला, एक्सपोर्ट किती झाला, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, पत्नीची मोलाची साथ लाभली. बऱ्याचदा तर तिचं नाव पण नसतं. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, बागेत कोण काय करतं ते लहानपणापासून बघत आलेय, म्हणून ही ओळ वाचली की फार लागतं.

ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी काढायच्या, मग डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग थिनिंग, म्हणजे विरळणी. त्यात हातात छोटी कात्री, मान वर, हात वर, आणि घडातले नेमके कुठले मणी काढायचे ते नजरेनं ठरवायचं, बाजूच्या मण्याला टोक लागलं तर डाग पडतो आणि मणी वाया जातो. असं दिवसभर, ओळीमागून ओळ. पुढे घडांना पेपर लावायचे, पॅकहाऊसला ग्रेडिंग करायचं. यातलं बहुतेक काम बायाच करतात, पेठ-सुरगाण्याकडून टोळीनं आलेल्या आणि घरच्या पण. एक्सपोर्टची साईज मिळते त्यात या हातांचं कसब आहे, पण बातमीत त्या नुसत्या 'मजूर महिला', आणि कसब सगळं मालकाचं.

बरं, टीव्ही लावला तर मालिकेतली बाई शेतात दिसते ती डबा घेऊन आलेली. औषधाच्या, ट्रॅक्टरच्या जाहिरातीत निर्णय घेणारा बाप्या आणि ती मागे हसत उभी. हे रोज बघून बघून डोक्यात बसतंच ना! माझ्या वहिनीला फवारणीचं अख्खं शेड्यूल तोंडपाठ आहे, तरी बागेत सल्लागार आला की कात्री हातात असलेल्या तिलाच विचारतो, मालक कुठंय? आणि ती पण आत जाऊन चहा ठेवते. त्या सल्लागाराला तसं कोणी शिकवलं नसेल, त्यानं बाईला मालकीण म्हणून कुठं पाहिलेलंच नाहीये.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आलंय. मालिकांमध्ये याच २८९ मिनिटांना माया, त्याग, संस्कार म्हणतात. बागेतून दमून आलेल्या बाईला मग आपण दमलोय हे म्हणायची पण चोरी.

आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, लाखांवर बाया जमल्या होत्या. पुढे त्याच चळवळीतून लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची. १९९४ ला राज्यानं आणि २००५ ला केंद्रानं कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. एवढं सगळं इथं घडलेलं असताना आजच्या पोरींना यातलं काहीच माहीत नाही, कारण आपल्या पेपरांत बाईचं पान म्हणजे आठ मार्चची पुरवणी, नवरात्रीचे नऊ रंग आणि हळदीकुंकू. त्या फोटोंना माझा विरोध नाही हो, पण तेवढंच का?

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. म्हणून एक विनंती. यशोगाथा घ्यायला तुमचा प्रतिनिधी बागेत गेला की घरातल्या बाईशी पण बोलू द्या, आणि साथ कशी दिली असं विचारू नका, विरळणी कशी केली, कुठलं औषध कधी मारलं, यंदा भाव काय मिळाला ते विचारा. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का हे पण विचारा आणि उत्तर जे येईल ते छापा. आणि टोळीतल्या ज्या बाईची कात्री सगळ्यात सफाईदार चालते तिचं नाव फोटोखाली पाहिजे, तिला चालणार असेल तर.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक