दहावीचे गुण किती वर्षे विचारणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला ५२ टक्के मिळालेला मुलगा पुढे पुण्याच्या सीओईपी किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआय अशा नामांकित अभियांत्रिकी कॉलेजात शिकू शकतो, हे आजही कित्येक पालकांना खरे वाटत नाही. वाट तशी आहे. दहावीला ३५ टक्के असले तरी पॉलिटेक्निकला अर्ज करता येतो. तीन वर्षांचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी केला की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याला सीईटी लागत नाही, जेईईही लागत नाही. प्रवेशप्रक्रिया राबवणारा राज्य सीईटी कक्ष डिप्लोमाच्या गुणांवरच यादी लावतो. नामांकित कॉलेजांत जागा मोजक्याच असतात आणि कॉम्प्युटरसारख्या शाखेला नव्वदीच्या वर चुरस चालते. म्हणजे तिथे पोचणारा मुलगा कोणाच्या मेहेरबानीने पोचत नाही.

मी अनेक वर्षे पॉलिटेक्निकला गणित शिकवले. खेड्यातल्या शाळेत दहावीला गणिताचा शिक्षकच नव्हता, घरी आजारपण होते किंवा वयच तसे होते, अशी कितीतरी मुले वर्कशॉपमध्ये हाताला काम लागल्यावर खुललेली मी पाहिली. खरी परीक्षा मात्र प्रवेशानंतर सुरू होते. बहुतेक शाखांत डिप्लोमाचे गणित पहिल्याच वर्षात आटोपते आणि दोन वर्षांच्या खंडानंतर एकदम लाप्लास, फूरिये अशी अवघड प्रकरणे घेऊन 'एम-थ्री' हे पदवीचे तिसरे गणित समोर उभे राहते. त्यात कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या, लांबले की ही मुले वर्गात येतात तेव्हा निम्मा अभ्यासक्रम पुढे गेलेला असतो. तरीही ती तगतात, केटी म्हणजे राहिलेले विषय सोडवतात, पुढे जातात.

आणि मग कॅम्पस मुलाखतींची नोटीस लागते : दहावी, डिप्लोमा, पदवी, तिन्हीकडे किमान ६० टक्के. 'थ्रूआउट फर्स्ट क्लास'. डिप्लोमाला ९३ टक्के, पदवीला उत्तम गुण, पण दहावीला ५२ म्हणून मुलाला लेखी परीक्षेलाही बसू देत नाहीत. पंधराव्या-सोळाव्या वर्षीचे गुण एकविसाव्या वर्षी त्याच्या आड येतात. हा शुद्ध अन्याय आहे, आणि सोयीपोटी चाललेला आहे. अर्ज फार येतात म्हणून चाळणी लावायची आणि हाताशी दहावीची गुणपत्रिका आहे म्हणून तीच वापरायची!

या चाळणीचा पोकळपणा पाहायचा तर २०२१ ची बॅच पाहावी. करोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. त्यातली डिप्लोमाची मुले २०२४ मध्ये थेट दुसऱ्या वर्षाला आली आणि २०२७ मध्ये पदवीधर होतील. न दिलेल्या परीक्षेचे गुण त्यांना विचारून कंपनीला नेमके काय कळणार आहे?

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते, अगदी बर्कलेलाही. त्या प्रवेशाचा निर्णय कॉलेजातल्या गुणांवर होतो, हायस्कूलचे गुण त्यात धरत नाहीत. आपल्याकडे प्रवेशापुरते हेच तत्त्व मान्य आहे, मात्र नोकरीच्या दाराशी ते सोडून दिले जाते.

तंत्रशिक्षण संचालनालयाने निदान शासकीय व अनुदानित महाविद्यालयांना तरी स्पष्ट आदेश द्यावा : डिप्लोमा करून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी दहावीच्या टक्क्यांची अट घालणाऱ्या कंपनीला कॅम्पसमध्ये बोलावू नये. आणि डिप्लोमाचा निकाल लागल्यापासून प्रवेश होईपर्यंतच्या आठवड्यांत गणिताचा पूरक वर्ग पॉलिटेक्निकमध्येच घ्यावा. वर्गखोल्या तेव्हा रिकाम्याच असतात आणि शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने येतील.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सातारा