गिरणीवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सा. नमस्कार.

रोज दळण घेऊन येते, तेव्हा हे तोंडावरही बोलता आलं असतं. पण गिरणी चालू असली की तुम्हाला ऐकू येत नाही आणि बंद असली की तुम्ही "जाऊ द्या हो ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता यावं असं.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या निवडणुकीची प्रारूप मतदार यादी आली तेव्हा आम्ही कुणी ती पाहिलीही नव्हती. तुम्ही मात्र आपल्या देवळाईच्या गल्लीची पानं झेरॉक्स करून, सुतळीनं ओवून गिरणीत वजनकाट्याशेजारी टांगली. दळण होईस्तोवर नाव शोधा म्हणालात. पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटानं तुम्हीच आमचं घर शोधलंत: मी आणि हे एका प्रभागात, सासूबाई शेजारच्या. एकाच उंबऱ्यातली माणसं! "कामून गं, मला घराबाहेर काढलं का काय?" असं त्यांनी मलाच विचारलं. हरकतीचा अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं, हे तुम्ही सांगितलंत आणि वॉर्ड ऑफिसात ह्यांच्याबरोबर स्वतः गेलात. त्या दिवशी दुपारभर गिरणी बंद होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. अंतिम यादीत सासूबाई घरी परत आल्या.

पण माझे खरे आभार त्या खोक्यासाठी आहेत.

महापालिकेची आधीची निवडणूक २०१५ ची, आपल्या सातारा-देवळाईची २०१६ ची. तेव्हा एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक बटण. मग एप्रिल २०२० पासून प्रशासकच. आता एकदम २९ प्रभाग, ११५ जागा आणि तीन जागांचा एक प्रभाग सोडला तर एकाच माणसाला चार मतं. अ, ब, क, ड. प्रचाराला येणारे सांगत, चारही बटणं आमच्याच चिन्हाची दाबा. कुणी सांगे, एकच दाबा न् बाहेर या. तुम्ही बिस्किटांचं रिकामं खोकं घेऊन त्यावर चार कागद डकवलेत: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. प्रत्येक कागदावर उमेदवार म्हणून डिंकानं चिकटवलेले दाणे: गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा. आणि सगळ्यांत खाली रिकामी जागा, 'वरीलपैकी कोणीही नाही'. मी हसले होते, मामा. त्याची माफी असावी.

भोगीच्या बाजरीसाठी रांग लागली, तेव्हा प्रत्येक बाईला तुम्ही त्या खोक्यावर मत द्यायला लावलंत. चौथं बटण दाबल्याशिवाय तोंडानं 'बीप' करायचा नाहीत. सासूबाईंनी चारही कागदांवर ज्वारीच दाबली, तर तुम्ही म्हणालात, "आजी, चालतंय. पण इथं ज्वारी न् तिथं हरभरा केलं तरी चालतंय, कुणी बांधून घातलं नाही." एवढ्या दिवसांत तुमचं स्वतःचं मत कुणाला, हे मात्र आम्हाला काढता आलं नाही. गल्लीत पैजा लागल्या होत्या.

१५ जानेवारीला आणखी एक अडचण निघाली. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणजे मतदान नेमकं करीच्या दिवशी! "करीला चांगलं काम करू नये," म्हणून सासूबाई बसून राहिल्या. तुम्ही दारातूनच म्हणालात, "आजी, ह्याला चांगलं काम कोण म्हणालं?" त्या पदर सावरून निघाल्या. (चौघं निवडून आल्यावर टँकरसाठी फोन नेमका कुणाला करायचा, हे मला अजून कळलेलं नाही. एकाला विचारलं तर तो दुसऱ्याचं नाव सांगेल, अशी माझी भीती. जायकवाडी इतकी जवळ असून आपण टँकरची वाट बघायची, हा विषय पुन्हा कधीतरी.)

केंद्रात त्या एकट्याच आत गेल्या. बाहेर मी बीपकडे कान लावून उभी. बराच वेळ लागला. मग बीप आला आणि पाठोपाठ सासूबाई, बोट उलटसुलट करून बघत. शाई काडीनं लावली नाही, पेनानं लावली, म्हणून नाराज. कुणाला दिलं, विचारलं तर म्हणाल्या, "दोन ठिकाणी ज्वारी, एकीकडं बाजरी." चौथं विचारलं तर नुसत्या हसल्या. घरी आल्यावर ह्यांनीही विचारून पाहिलं. "गिरणीवाल्यानं सांगितलंय, सांगायचं नसतं," एवढंच उत्तर.

तुमचा पितळी डबा आमच्याकडेच राहिलाय. रिकामा कसा पाठवायचा म्हणून तिळाच्या वड्या घातल्यात, शनिवारी ज्वारीच्या दळणाबरोबर घेऊन येते. ते खोकं मात्र टाकून देऊ नका; सासूबाईंनी विचारायला सांगितलंय, जिल्हा परिषदेच्या मतदानाला त्यांच्या माहेरी न्यायला मिळेल का.

आपली,
देवळाईच्या गल्लीतली, दळणात दरवेळी मेथी टाकून मागणारी