पाकिटावर तोडणीची तारीख कधी छापणार?

महोदय,

परवाच्या पुरवणीतला आठवड्याची भाजी एकदाच आणायचा तो लेख वाचला आणि काल दिवसभर डोक्यातून गेलाच नाही, म्हणून लिहायला बसले. नोकरी सांभाळून घर चालवणाऱ्यांना सोय हवी असते, ते मीही करतेच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रोजच्या साध्या जेवणाला कंटाळवाणं म्हणायचं, ते खमंग करायला बाटलीतले सॉस सुचवायचे आणि त्याच लेखात टोमॅटो-बटाट्यापासून सगळं आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवा असं सांगायचं, हे अजिबात पटलं नाही. साध्या जेवणाची चव अशानेच तर जाते.

टोमॅटोचंच घ्या. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पिकलेले टोमॅटो सात दिवस ५ अंश सेल्सिअसला ठेवून पाहिले. साखर आणि आंबटपणा जवळपास तसाच राहिला, पण ज्याला आपण टोमॅटोचा वास म्हणतो तो देणारी द्रव्यं कमी झाली, नंतर एक दिवस बाहेर काढून ठेवले तरी भरून आली नाहीत, आणि चाखणाऱ्यांनाही ते कमी आवडले. तुमचा लेख नेमकं तेच करायला सांगतो! बटाट्याचं उलटं होतं, फार थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळताना ते भराभर काळपट पडतात. अंधारी, कोरडी, हवेशीर जागा त्यांना पुरते.

पण खरं दुखणं माझं मटाराचं आहे. सासऱ्यांना मोठा ताप येऊन गेला, तोंडाला चव नाही, काही नको म्हणायचे, आणि एक दिवस आपणहून म्हणाले की मऊसा मटारभात कर गं. आजारी माणसाने आपणहून काही मागितलं की घरात किती बरं वाटतं ते ज्यांनी कोणाची सेवा केलीय त्यांना माहीत आहे. मी एका मोठ्या दुकानातून पाकीटबंद शेंगा आणल्या, हिरव्यागार, वर त्याच दिवसाची तारीख. शिजवल्यावर दाणे पिठूळ, साल जाड, गोडीचा पत्ता नाही. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम पॅकिंग कालचंच होतं, तारीख बघा ना. आणि तो खोटं बोलत नव्हता, हाच तर सगळा घोळ आहे.

ती तारीख पाकीट बंद केल्याची असते, शेंग वेलीवरून तोडल्याची नाही. आणि मटाराचं घड्याळ तोडल्यापासून सुरू होतं, दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, जितकी उष्णता जास्त तितका लवकर. मक्याच्या कणसाचंही तसंच. शेंग बाहेरून हिरवी दिसते आणि आत गोडी संपलेली असते, ती डोळ्यांना कळत नाही, जिभेलाच कळते. म्हणूनच तोडल्यावर काही तासांत गोठवलेला मटार कित्येकदा या "ताज्या" शेंगांपेक्षा गोड लागतो, त्याला नावं ठेवू नयेत.

पुढे एका शेतकऱ्याकडून सकाळी तोडलेल्या शेंगा मिळाल्या. सोलता सोलता निम्मे दाणे तिथेच तोंडात गेले. तोच भात, तेच मीठ, वरून थोडं लोणी, बाकी काही नाही, आणि सासऱ्यांनी परत वाढून घेतला. त्यात कुठला सॉस घालायचा होता सांगा? साध्या पदार्थात लपायला जागा नसते, भाजी चांगली असेल तर तो जमतो, नसेल तर नाही जमत.

लेखात असंही म्हटलंय की एकसारख्या आकाराची, चकचकीत भाजी निवडा. आकाराचा आणि चवीचा काय संबंध? युरोपीय संघाने १९८८ च्या नियमात वरच्या प्रतीच्या काकडीला १० सेंटीमीटर लांबीमागे १० मिलिमीटरच वाक चालेल असं ठरवलं होतं, २००९ मध्ये तो नियम त्यांनी स्वतःच काढून टाकला. आपण मात्र अजून वाकडी काकडी बाजूला सारतोय आणि ती पिकवणाऱ्याला त्याचे पैसे कमी मिळतायत, हे मला खरंच लागतं.

माझी मागणी एवढीच आहे की पाकिटावर पॅकिंगच्या तारखेशेजारी तोडणीची तारीख छापणं विक्रेत्यांना सक्तीचं करावं, आणि तुमच्यासारख्या पेपरने हा विषय लावून धरावा. पुरवणीचं पूर्ण पान सॉसला देता येतं तर याला अर्धं पान द्यायला हरकत नसावी.

जाता जाता अजून एक. त्या लेखातली पाककृतीची चौकट फिक्या पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरात छापली होती, मला चष्मा लावूनही वाचता आली नाही, सासऱ्यांना तर नाहीच नाही. याबद्दल आधीही कळवलं होतं, उत्तर आलं नाही. पुढच्या अंकापासून काळी शाई वापरा.

आपली,
एक नियमित वाचक