टाकातलं कुत्रं

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आई आधी "जेवलीस का" विचारते, बाबा शेवटी "ठेवतो" म्हणतात. मधलं राहून जातं, म्हणून हे पत्र. विषय हसण्यासारखाच आहे, देवघरातल्या कुत्र्याचा.

मी घर घेतलं तेव्हा बाबांनी आजीच्या वेळचा खंडोबाचा टाक माझ्या हातावर ठेवला. "पोरीला टाक देतात होय?" काकू म्हणाली होती. बाबा काही बोलले नाहीत. सासवडला जाऊन घरासाठी नवा घडवून आणला. जुन्या टाकावर घोडा, वर देव आणि म्हाळसा, एवढं अजून कळतं. घोड्याच्या पायाशी कुत्रं आहे, त्याचं तोंड मात्र आईच्या चिंचेनं घासून घासून पार सपाट झालंय.

आजी म्हणायची, ते रात्री खाली उतरतं, गोठा बघतं, अंजिराच्या बागेला फेरी मारतं आणि उजाडायच्या आत टाकात येऊन बसतं. पण फार लाजरं. वळून बघितलं की गेलंच. त्याची पावलं धरायची म्हणून मी एकदा उंबऱ्यावर भंडारा पसरला होता, आठवतं? सकाळी मांजराची निघाली, आणि आईचा मार वेगळा.

इथं ठाण्यात त्याची पंचाईत आहे. ९वा मजला. नवलाख पायरीचा गड चढणारं ते, पण लिफ्टला बिचकत असणार. बिल्डरनं दाराला उंबरा ठेवलेला नाही, मग बसावं कुठं? राखण करावी तर फाटकावर तीन वॉचमन, जिन्यात कॅमेरे, दूधवाला आला तरी मोबाइलवर विचारणा. पहिले दोन-तीन महिने ते टाकातून हललंच नसेल. मी तरी ऑफिस सोडून कुठं हलत होते म्हणा.

रविवारी देवाचा वार म्हणून एक भाकरी खाली नेते. पार्किंगच्या खांबामागं एक तांबडी कुत्री असते. मी पाठ फिरवल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नाही. मी काही म्हणत नाही, नुसतं सांगितलं.

गेल्या आठवड्यात मात्र शिफ्ट संपवून यायला रात्रीचा १ वाजला. रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच सोडलं. गल्लीतले दिवे गेलेले. मागं दोघं बोलत येत होते, मी वेग वाढवला की तेही वाढवायचे. मग फरशीवर नखं वाजली. टक टक टक, माझ्या अगदी मागं. मागचं बोलणं थांबलं, आणि मागंच राहिलं. मी वळले नाही. तोंडातल्या तोंडात "येळकोट" म्हणत फाटक गाठलं. वर येऊन टाकाला हात लावला तर बोटाला भंडारा लागला. तो तर रोजच लागतो.

झोप नाही आली. ते इथं असेल, तर तिकडं कोण? शेताला लाईट रात्रीची. बाबा एकटे बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. बिबट्या दिसल्याचं आई मला सांगते आणि वर म्हणते, मी सांगितलं म्हणून बोलू नकोस. (आई, बोलले.)

तर चंपाषष्ठीला येतेय. जुना टाक घेऊन येते, नवा मला द्या. नव्यातलं कुत्रं सोनारानं चांगलं ठसठशीत काढलंय, कान उभे. तरणं आहे, लिफ्ट शिकेल. जुन्याला बागेची वाट पाठ आहे. बाबा नाही म्हणणार हे माहीत आहे, म्हणून तळी उचलताना भावकीसमोरच मागणार आहे. आणि ते येईपर्यंत रात्री मोटारीवर जाताना कुणाला तरी बरोबर घ्या, बाबा.

आई, वांगं चार महिने तोंडात नाही, तेव्हा भरीत झणझणीत कर. आणि रोडगे दोन जास्तीचे टाक. येताना बांधून आणायचेत, खांबामागच्या तिला.

तुमची,
लेक