बाबांची दाढ आणि तो गॅस

ति. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, दाढेत अजून लवंगेचं तेलच घालताय आणि डाव्या बाजूने चावणंही सोडलंय, असं आई सांगत होती. रागवत नाही. लहानपणी चौघांनी धरून तुमचा दात उपटला होता, ते ठाऊक आहे मला. पण ‘गॅस देऊन बेशुद्ध करतात’ हे तुमच्या मनात जे बसलंय, ते खरं नाही.

मागच्या महिन्यात ओमची दाढ भरली तेव्हा मी शेजारीच होते. त्याला तोच गॅस दिला, नायट्रस ऑक्साइड. नाकावर छोटासा मास्क आणि मशीनला एक रबरी पिशवी. त्याच्या श्वासाबरोबर ती फुगायची, बसायची. दोन-तीन मिनिटांत त्याने गच्च धरलेलं माझं बोट सोडलं. डॉक्टर ‘आ कर’ म्हणाले की करत होता. हिरडीत इंजेक्शन दिलंच. गॅसने भीती उतरते, दुखणं बधिर करायला सुई लागतेच. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला आणि पठ्ठ्या चालत घरी आला.

नायट्रस ऑक्साइड हा काही काल आलेला गॅस नाही. १८४४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये प्रयोग दाखवताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची हुर्यो उडाली, बिचाऱ्याची. तेव्हा सोबत ऑक्सिजन देत नसत. आता दातांच्या मशीनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाहीत, आणि ऑक्सिजन थांबला की गॅस आपोआप बंद होतो.

मात्र तुमचं बी-१२ कमी आलं होतं, ते डॉक्टरांना आधी सांगायचं. हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. रिपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे.

आणि आई, ‘मग माझाही दात त्यातच उरकून घेऊ’ म्हणालीस, ते आत्ता अजिबात नाही. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत, तेव्हा डोळ्यात भरलेला गॅस अजून विरलेला नाही. त्यात हा दाताचा गॅस गेला तर डोळ्यातला बुडबुडा फुगून दाब वाढतो, दृष्टीच जाऊ शकते. डोळ्यांचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांब.

शनिवारी सकाळी येते. बाबा, नाक चोंदलं असेल तर आधी कळवा, श्वास नाकानेच घ्यायचा असतो. तारीख बदलून घेऊ. मी शेजारी बसणार आहे, बोट धरायला.

तुमची,
मनू